उरलेलं मलम

थेल्मा ब्रॅनिगनचं नाक सोलवटलं, तेव्हा हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आमच्या बोल्स क्लबातल्या तीन बायका चहाचे कप उचलून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. मी जागची हलले नाही. त्या उठल्या तसा त्यांच्या वाटचा केक मीच संपवला, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

नाक खरंच बघवत नव्हतं. शेंडा आणि डावा गाल लालभडक, वर पिवळट खपल्या, आणि खपली निघालेल्या जागी ओलं. बरं, थेल्माने ते झाकावं तर तेही नाही. पावडर नाही, पट्टी नाही, डोक्यावरची रुंद टोपीसुद्धा आत आल्या आल्या खुंटीला. क्लबाच्या स्वयंपाकघरात ती नेहमीसारखी ओट्याशी उभी राहून सँडविच कापत होती.

मग लॉयड आला. लॉयड आमचा अध्यक्ष. कुणाला काही लागेल असं बोलायचं असलं की आधी घसा खाकरून छताकडे बघतो.

"थेल्मा, मी काय म्हणतो, थोडे दिवस इथे दुसरं कुणी उभं राहिलं तर? म्हणजे लोक खातात, पितात..."

"लॉयड, तू शेगडीवर सॉसेज भाजतोस, मध्येच नाक शिंकरतोस आणि त्याच हाताने पुन्हा चिमटा धरतोस. आम्ही खातोच ना?"

"तसं नाही गं. ते लागण वगैरे..."

"हे लागत नाही. हे मलम आहे. डॉक्टरने दिलंय. आत कातडीत जे वाईट बसलंय ना, ते बाहेर काढतंय. अजून बरेच दिवस असंच दिसणार आहे, याच्याहून वाईटसुद्धा. तुला बघवत नसेल तर छताकडे बघ, ती सवय आहेच तुला."

लॉयड गेला. थेल्माने सँडविचचे कोपरे जरा जास्तच जोरात कापले.

मी विन. शाळेची बस चालवून निवृत्त झाले, आणि थेल्माच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलंय. बिलारूत समुद्र आहे, उसाचे फड आहेत, साखर कारखाना आहे आणि डोक्यावर वर्षभर तळपणारं ऊन आहे. क्वीन्सलंडच्या या किनाऱ्यावर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या अंगावर डाग नसला, तर तो नुकताच कुठून तरी राहायला आलाय असं समजावं. कुणाचा कान अर्धा, कुणाच्या ओठावर टाके, कुणाच्या कपाळावर मांडीच्या कातडीचं ठिगळ. तरुणपणी आम्ही अंगाला खोबरेल फासून वाळूत पडायचो आणि त्याला तब्येत म्हणायचो.

त्यामुळे हे मलम आमच्या गावाला नवं नाही. सॉसच्या पुडीएवढ्या छोट्या पुड्यांचा खोका मिळतो. एका वेळी लागतं वाटाण्याएवढं. डॉक्टर सांगतो, फोडलेली पुडी फेकून द्या. पण आमच्या गावात कुणी काही फेकत नाही. पुडीची कड दुमडायची, कपड्यांचा चिमटा लावायचा आणि फ्रिजच्या दारात, मोहरीच्या बाटलीशेजारी ठेवून द्यायची. तोंड सोलवटायला लागलं की निम्म्या लोकांचा धीर सुटतो, म्हणून उरलेलं भरपूर. मग शेजाऱ्याच्या हातावर डाग दिसला की कुंपणावरून चार लिंबं द्यावीत तशी ही पुडी द्यायची. "हे लाव. माझं गेलं याने." डॉक्टरची फी वाचते, दिवस वाचतो, शेजारधर्मही होतो. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नसे.

थेल्माचा नवरा क्लॅरी उसाच्या गाडीचा ड्रायव्हर होता. फडातून कारखान्यापर्यंत जाणारी छोट्या रुळांवरची गाडी. गाळप सुरू झालं की हा माणूस घरी फक्त झोपायला यायचा, आणि सुट्टी मिळाली की उघड्या अंगाने होडीत बसून मासे धरायचा. त्याच्या पाठीवर काळपट डाग उठला तेव्हा थेल्मा म्हणाली, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, गाळप संपू दे. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ मर्व्हिन आला. मर्व्हच्या दंडावर तसाच काहीसा डाग होता आणि तो मलमाने साफ गेला होता. त्याने खिशातून चिमटा लावलेल्या पुड्या काढल्या. "डॉक्टर बिक्टर काही नको रे. हा माझा दंड बघ."

डाग लाल झाला, सोलला, मग फिका पडत पडत दिसेनासा झाला. क्लबात त्यावर बिअर झाली. खाली मात्र तो वाढतच होता. पुढच्या हिवाळ्यात क्लॅरीच्या काखेत गाठ आली, आणि त्यानंतरचं गाळप त्याने पाहिलं नाही.

दफन झाल्यावर आम्ही सगळे क्लबात जमलो होतो. मर्व्ह खाण्याची बशी घेऊन थेल्माजवळ आला. तिने त्याच्याकडे बोट केलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू मारलंस त्याला. तुझ्या त्या मलमाने मारलंस." मर्व्ह एक शब्द बोलला नाही. बशी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. गावानेही त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच ठेवलं. तो खाडीच्या तोंडाशी एकटा राहायचा, खेकड्यांचे पिंजरे लावायचा, शुक्रवारी क्लबात यायचा तोही थेल्मा स्वयंपाकघरात आहे अशी खात्री करून. यात बरीच वर्षं गेली.

आणि मग थेल्माच्या नाकावर डाग आला.

आमच्याकडे कातडीची डॉक्टर शहरातून महिन्यातून दोनदा येते. डॉक्टर पेरेरा. औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसते, बरोबर आमच्याच गावची शर्ल नर्स म्हणून असते. क्लॅरी गेल्यावर थेल्माने गाडी विकली होती, म्हणून तिला घेऊन मीच गेले, आणि गेले तर बाहेर कशाला बसू? डॉक्टरने आधी नाकाचा एक कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल आला होता. कर्करोगच होता, पण वरवरचा, सावकाश वाढणारा. तिने खण उघडला आणि खोका थेल्मासमोर ठेवला.

थेल्मा खुर्चीतून उठलीच. "हे? हे मलम माझ्या घरात येणार नाही."

"का बरं?"

"माझा नवरा याने गेला."

डॉक्टर पेरेराने पेन खाली ठेवलं. सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "मिसेस ब्रॅनिगन, या मलमात मारायची ताकदच नाही. माणसाला नाही आणि रोगालाही नाही. तुमच्या कातडीत पहारेकरी असतात, ते झोपलेले असतात. हे त्यांना हलवून उठवतं. पुढची मारामारी ते करतात, म्हणून लाल होतं, सोलतं. पण रोग खोल गेला असेल तर पहारेकरी वरच्यावर लढतात आणि खालचा चोर तसाच राहतो. म्हणून आधी तुकडा काढून बघायचं असतं. तुमच्या यजमानांचा कुणी बघितला होता?"

"नाही."

"तुमचा मी बघितलाय. म्हणून देतेय."

थेल्मा पुन्हा खुर्चीत बसली. शर्ल कापूस मोजायचं सोंग करत कान टवकारून उभी होती.

"किती वाईट दिसेल?" थेल्माने विचारलं.

"बऱ्यापैकी वाईट. अंगही दुखेल, ताप आल्यासारखं वाटेल. फारच सोलवटलं तर मला फोन करा, दोन-चार दिवस विश्रांती देऊ आणि पुन्हा सुरू करू. पण मध्येच सोडून दिलंत, तर मुळं राहतील. मग मला नाकाचा तुकडा काढावा लागेल."

"आणा इकडे."

घरी येताना उसाच्या गाडीसाठी फाटक पडलं, तिथे थांबलो तेव्हा म्हणाली, "विन, आपल्या गावात किती फ्रिजांत या पुड्या पडल्या असतील?"

"सगळ्याच."

"मला त्या सगळ्या हव्यात."

तर असं ते नाक. रोज झोपताना मलम, सकाळी साबणाने धुणं, आणि मग तसंच्या तसं तोंड घेऊन दुकानात, चर्चमध्ये, क्लबात. लोक विचारायचे आणि ती सांगायची. एकदा नाकपुडी इतकी सुजली की तिने मुकाट्याने डॉक्टरला फोन केला, सांगितली तेवढी विश्रांती घेतली आणि ठरल्या दिवशी पुन्हा पुडी फोडली. "विश्रांती घेणारे सगळे तिथेच अडकतात," ती मला म्हणाली. "उद्या लावतो, परवा लावतो. मी नाही अडकणार." फोडलेली पुडी ती माझ्यादेखत कचऱ्यात टाकायची. मला साक्षीदार केलं होतं तिने.

गावभरच्या पुड्या गोळा करायला तिने जी युक्ती काढली, ती आमच्या लोकांना ओळखणाऱ्या माणसालाच सुचावी. आमच्या क्लबात दर शुक्रवारी मटणाच्या ताटाची सोडत असते. चॉप्स, सॉसेज, भाजायचा मोठा तुकडा, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्या ताटासाठी आमची माणसं वादळातही येतात. थेल्माने खाटकाकडून आपल्या खर्चाने एक जंगी ताट आणलं आणि फळ्यावर लिहिलं: उरलेल्या मलमाची पुडी द्या, सोडतीचं तिकीट फुकट घ्या.

"हे नियमात बसत नाही," लॉयड म्हणाला.

"मग उभं राहू दे."

आणि लोक आले की! कधी नव्हे ते म्हातारे घाईने चालत आले. कुणाच्या पुड्या मुदत संपून कडक झालेल्या, कुणाच्या मागच्या घरमालकाने सोडलेल्या. कारखान्यातल्या एका निवृत्त फिटरने पुडी दिली आणि हात पुढे करून उभाच राहिला.

"तिकीट दिलं ना?" थेल्मा म्हणाली.

"चिमटा दे. बायकोच्या संचातला आहे."

तिने चिमटा दिला, पण त्याला सोडलं नाही. "याने कुठला डाग घालवलास?"

"हा, मानेवरचा."

"कुणाला दाखवला होतास?"

"आरशाला."

"सोमवारी पेरेरा येतेय. तिला दाखव. नाहीतर तिकीट परत दे." असं प्रत्येकाला. तिचा बिस्किटांचा डबा भरत आला. तो ती औषधाच्या दुकानात देणार होती, ते लोक अशी औषधं नीट जाळून टाकतात.

इतक्यात मर्व्ह आत आला. थेल्मा आज बाहेर, दाराशेजारच्याच टेबलावर बसलीय, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती दिसताच तो थबकला, आणि त्या गडबडीत डोक्यावरची टोपी तशीच राहिली.

आमच्या क्लबात बारच्या वर पितळी घंटा आहे. कुणी टोपी घालून आत आला की घंटा वाजते, आणि त्याला क्लबातल्या प्रत्येकाला एकेक पेला पाजावा लागतो. सूट एकच. घंटेचा आवाज थांबायच्या आत टोपी काढली तर माफ. घंटा वाजली. सगळे ओरडले, "मर्व्ह! टोपी!" हा मर्व्ह म्हणजे चहाची एक पिशवी दोन दिवस पुरवणारा माणूस. त्याचा हात टोपीकडे गेला, टोपीच्या कडेला लागला आणि तिथेच थांबला. मग त्याने हात खाली घेतला, बारकडे गेला आणि पाकीट काढलं.

क्लबात असा जल्लोष झाला की बोलायची सोय नाही. मर्व्हच्या पैशाने बिअर! लोक टेबलं बडवत होते. थेल्मा एकटी हसत नव्हती.

"विन," ती हळू आवाजात म्हणाली, "मर्व्हने टोपी काढली नाही."

"दिसलं मला. म्हातारचळ."

"त्याच्या डोक्यावर काहीतरी आहे. आणि त्याच्या फ्रिजमध्ये पुड्या आहेत." तिने डब्याचं झाकण लावलं. तिचा चेहरा मलमाने लाल होता तसाच होता, पण ओठ पांढरे पडले होते. "मला उद्या सकाळी तिकडे घेऊन चल."

सकाळी आम्ही खाडीवर गेलो. मर्व्हचं घर खांबांवर उभं आहे, खाली सावलीत तो पिंजऱ्याची फाटलेली जाळी विणत बसला होता. टोपी डोक्यावर. इतक्या वर्षांनी भावजय दारात आलेली बघून त्याने मानही वर केली नाही.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"अजून कुणी नाही. टोपी काढ."

"तुझ्या नाकाला काय झालंय?"

"औषध चालू आहे. टोपी काढ, मर्व्ह."

"माझ्या घरात मी टोपी घालीन नाहीतर बादली घालीन."

थेल्मा पुढे काही बोलली नाही. सरळ जिना चढून वर गेली. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, बाटल्या किणकिणल्या, आणि ती हातात चिमटा लावलेल्या पुड्या घेऊन खाली आली. मर्व्ह उठून उभा राहिला.

"ए, ते माझं आहे!"

"होतं." तिने पुड्या डब्यात टाकल्या. "सोमवारी डॉक्टरकडे चल."

"नाही."

"का नाही?"

"बरं होतंय माझं."

"मग दाखव की."

"नाही म्हटलं ना."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मर्व्ह, टोपीखाली टाळूवरच असणार ना, तुला तरी तो डाग दिसतो का? घरात आरसा आहे का तुझ्या?"

"दाढीपुरता आहे. वर अंदाजाने लावतो."

"अंदाजाने!"

"विन, तू याच्यात पडू नकोस," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली बसून जाळीत बोटं घातली. तो हलणार नव्हता. मी त्याला ओळखते, खाडीतला चिखल बरा असा माणूस. थेल्मालाही ते कळलं असावं. ती शेजारच्या बर्फाच्या पेटीवर बसली. डबा मांडीवर घेतला. बोलली तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मर्व्ह, क्लॅरीचा डाग कुठे होता?"

मर्व्हची बोटं थांबली. "जाऊ दे, थेल."

"सांग ना. कुठे होता?"

"पाठीवर."

"पाठीवर कुठे? दोन खांद्यांच्या मधोमध. त्याला पाठ खाजवायची झाली तर दाराच्या चौकटीला घासायचा तो. त्याचा हात पोचायचा तिथे?"

"जाऊ दे म्हणतोय ना मी."

"मग मलम लावलं कुणी?"

खरं सांगते, मला हा प्रश्न इतक्या वर्षांत एकदाही सुचला नव्हता.

"मी लावलं," थेल्मा म्हणाली. "याच बोटाने. तो पलंगावर पालथा पडायचा आणि मी लावायची. पुडी तू दिलीस, ते खरं. पण तो डाग रोज बघत कोण होतं? मी. फिका पडायला लागला तेव्हा 'गेला बघ' असं त्याला सांगितलं कोणी? मी. आणि ज्या दिवशी त्याला पुरलं, त्या दिवशी सगळ्या गावासमोर बोट तुझ्याकडे केलं. कारण ते माझ्याकडे वळवलं असतं तर मी त्याच दिवशी मेले असते."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"कुणी लावलं ते." मर्व्ह जाळीकडेच बघत बोलत होता. "क्लॅरीने सांगितलं होतं. म्हणायचा, थेलची बोटं बर्फासारखी गार असतात, रोज लावून घेताना किंचाळतो मी."

थेल्माने डबा खाली ठेवला. "आणि तू बोलला नाहीस? इतकी वर्षं? गाव तुझ्याशी नीट बोलत नव्हतं, मर्व्ह!"

"काय बोलणार होतो? क्लॅरी गेलाच होता. तुला त्याच घरात, त्याच पलंगावर झोपायचं होतं. मला काय, मी इथे असतो. खेकड्यांना कुठे काय फरक पडतो."

"आणि हे?" तिने त्याच्या टोपीकडे हात केला. "हे का लपवलंस?"

त्याने जाळी बाजूला सारली. "वरून गेल्यासारखा वाटला होता. मग परत आला. तेव्हाच कळलं काय ते. आता डॉक्टरकडे गेलो, आणि तिने सांगितलं की मलमाने वरचं पुसलं आणि खाली राहिलं, तर गावात पुन्हा क्लॅरीची गोष्ट निघेल. कुणीतरी विचारीलच, आत्ता तू विचारलंस तसं. पाठीला हात कसा पोचला म्हणून."

थेल्मा रडायला लागली. तिला रडताना मी क्लॅरीच्या दफनातही पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी त्या सोललेल्या गालावर आलं तसं ते झोंबायला लागलं, आणि ती रडता रडता शिव्या देत रुमाल शोधायला लागली. मलाही राहवेना. मी रुमाल दिला आणि तोंड दुसरीकडे केलं.

"टोपी काढ, मूर्खा," ती म्हणाली.

त्याने काढली. ऐन टाळूवर, विरळ केसांमध्ये, नाण्याएवढी गुळगुळीत फिकट जागा होती आणि तिच्या कडेने काळसर, उंचवटा आलेलं काहीतरी. थेल्मा उठली, वाकून नीट बघितलं, अगदी डॉक्टर बघतो तसं. मग म्हणाली, "सोमवारी सकाळी लवकर ये. तू आला नाहीस तर मी विनची गाडी घेऊन येईन, आणि मी आता कशी चालवते ते तुला ठाऊक नाही."

सोमवारी तो आला. डॉक्टर पेरेराने तुकडा काढला. निकाल सांगायला ती पुढच्या वेळी आली तेव्हा आम्ही तिघं त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने बसलो. शर्ल मलमपट्टीच्या टेबलाशी होती. बाहेर बाकावर तीन-चार जण नंबर लावून बसले होते, त्यात चिमटा मागणारा तो फिटरही होता, मानेवरचा डाग दाखवायला आलेला. दार थोडं उघडंच होतं.

"चांगला निकाल नाही," डॉक्टर म्हणाली, "पण मला भीती होती तेवढा वाईटही नाही. फार खोल गेलेला नाही. शहरातल्या इस्पितळात काढून टाकावा लागेल, मोठा तुकडा जाईल, पण वेळेत आलात. असंच मलम लावत राहिला असता, तर पुढच्या हिवाळ्यात मी काही करू शकले नसते. मलमाने वरचं पुसलं होतं. खालचं तसंच होतं."

नेमकं तेच वाक्य. मर्व्हने डॉक्टरकडे पाहिलंच नाही, त्याने आधी थेल्माकडे पाहिलं. शर्लचे हात थांबले होते. मला दिसलं, तिच्या डोक्यात क्लॅरीची गोष्ट उघडली होती, आणि शर्लच्या डोक्यात उघडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात उघडते.

थेल्मा खुर्चीवर ताठ बसली.

"शर्ल, ते दार पूर्ण उघड," ती म्हणाली. "बाहेरच्यांनाही ऐकू जाऊ दे."

"थेल, गप बस," मर्व्ह म्हणाला.

"पुष्कळ गप बसले." शर्लने दार उघडलं तशी बाकावरची सगळी तोंडं आत वळली. थेल्माने प्रत्येकाकडे पाहिलं, तिचं ते नाक पुढे करून. "शर्ल, नीट ऐक, आणि क्लबात सांगताना काही गाळू नकोस. क्लॅरीच्या पाठीवर मलम मर्व्हने लावलं नाही. मी लावलं. डॉक्टरला न दाखवता, माझ्या हाताने, डाग दिसेनासा होईपर्यंत. मर्व्हला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्याला खुनी म्हटलं आणि त्याने ते माझ्यासाठी ऐकून घेतलं. असंच्या असं सांगशील?"

शर्लने मान डोलावली. तिच्या हातातला कापूस खाली पडला होता.

थेल्माने हात पुढे करून मर्व्हचा हात धरला.

"झालं तुझं?" मर्व्हने विचारलं.

"झालं."

"मग डॉक्टर, माझं कापायचं कधी ते लवकर ठरवा," तो म्हणाला. "शुक्रवारी मला पिंजरे काढायचेत." हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही.